दुसरा-तिसरा गाळा

"आक्का, चल बिगीनं! डोह चालला!"

धोंडू पाटकरी बांधावरनं ठेचकाळत आला तेव्हा मी उसाला पाणी पाजत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. त्याच्या पायात चपला नव्हत्या, पटका सुटून गळ्यात आलेला, आणि हातात बंधाऱ्याची लोखंडी आकडी.

"कुठं चालला डोह? लग्नाला?" मी म्हणाले. "आज गाळे उघडायचे ठरलंय. तूच गेलायस उघडायला."

"ठरलंय दुसरा आन् तिसरा. त्यांनी त्यांच्याकडचा दुसरा धरलाय. खोलातला! सात बरगे वर आले. आठव्याला मी आकडी काढून घेतली आन् पळत सुटलो."

"सात निघेपर्यंत काय गोट्या खेळत होतास?"

"रायगोंडा मामा कागद दावतोय. कागदात दुसरा-तिसराच लिवलंय. मी काय करू?"

मी खोरं खांद्यावर टाकलं, पदर कमरेला खोचला. मल्लूला, माझ्या थोरल्याला, हाक मारायची गरज पडली नाही. तो विहिरीवरनं ऐकतच होता. धोंडूच्या हातातली आकडी त्यानं काढून घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत प्रत्येक मळ्यातनं चार-चार माणसं येऊन मिळाली. कुणी कोयता घेतला, कुणी पहार. बंधाऱ्याशी पोचेपर्यंत आम्ही साठेक झालो होतो.

आमचा बंधारा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते. इकडचा काठ आमच्या कोथळवाडीचा, महाराष्ट्रातला. पलीकडचा काठ कर्नाटकातला. मध्ये दगडी खांब आणि खांबांमध्ये नऊ गाळे. खांबांना खाचा आहेत, त्यात जाड लाकडी फळ्या एकावर एक सोडतात. त्यांना बरगे म्हणतात. भिजलेला बरगा म्हशीसारखा जड. दोन टोकांना दोन आकड्या लावून दोघांनी एका दमात ओढला तरच वर येतो. बंधारा बांधला तेव्हा दोन राज्यांत करार झाला की एक आकडी आमच्या गावात राहील, एक पलीकडच्या हुलगट्टीत. म्हणजे एकट्यानं कुणी पाणी सोडू नये.

आमच्याकडे नदीच्या तळाला खडक आहे. आमच्या बाजूचा दुसरा-तिसरा गाळा उघडला तर कमरेइतकं पाणी जातं, खडक उघडा पडतो आणि धार आपोआप थांबते. डोह राहतो. त्यांच्या बाजूला पात्र खोल. तिकडचा दुसरा-तिसरा उघडला तर डोहात मासेसुद्धा उरायचे नाहीत.

आणि त्या साली डोह म्हणजे आमचा जीव होता. दोन पावसाळे कोरडे गेलेले. एप्रिल संपत आलेला. माणसं, गुरं, ऊस, सगळं त्या डोहावर मृगापर्यंत काढायचं होतं. हुलगट्टी दीड मैल खाली. त्यांच्या विहिरी आटून महिना झाला होता. नदीत खड्डे खणून बायका वाटीनं पाणी भरत होत्या. म्हणून आठ दिवसांपूर्वी दोन्ही राज्यांचे साहेब आले, देवळाच्या मंडपात नकाशा पसरला, दोन्ही गावांची तीन-तीन माणसं बसली. दुसरा आणि तिसरा गाळा तीन दिवस उघडा ठेवायचा, असं ठरलं. साहेबानं विचारलं, कबूल? सगळे म्हणाले, कबूल. मीही म्हणाले. पाणीसंस्थेची चेअरमन मी होते. नवरा गेल्यावर गावातल्या पुरुषांनी ती खुर्ची मला द्यायला कुरकुर केली होती, पण माझ्यासमोर करायची कुणाची छाती झाली नाही. शाळेत मी दोनच यत्ता गेले, त्याही कन्नडच्या. मराठीत मला माझी सही तेवढी येत होती. ती मी केली.

कन्नडच्या, कारण हुलगट्टी माझं माहेर. आणि पलीकडनं जो कागद हातात धरून उभा होता तो रायगोंडा माझा सख्खा भाऊ.

बंधाऱ्यावर पोचले तर खोल गाळ्यातनं पाणी बैल सुटल्यासारखं खाली उड्या घेत होतं. काठावर वीतभर ओली रेघ उघडी पडली होती. पलीकडच्या काठावर हुलगट्टीची माणसं, शंभर तरी असतील. मागं बायका घागरी घेऊन. त्यांचे चार गडी आठव्या बरग्याला पहारी लावून झटत होते.

"अण्णा!" मी बंधाऱ्याच्या मधोमध जाऊन ओरडले. "चोरी करायची तर रातच्याला तरी यायचंस. दिवसाढवळ्या बहिणीच्या दारात?"

"ये तंगी," रायगोंडा म्हणाला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्याचा आवाज नेहमीसारखाच, शांत. त्यानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता. "चोरी कसली? साहेबाची सही हाय, तुझी सही हाय. दुसरा आणि तिसरा."

"दुसरा आमच्याकडनं!"

"असं कुठं लिवलंय?"

"मला वाचता येत न्हाई. मला पाणी दिसतंय. गाळा बंद कर."

"करतो. आदी साहेबाला बोलवू दोघं मिळून. त्यो सांगंल तसं करू. तोवर हितनं पाच बरगे परत टाकतो, थोडी धार राहू दे. गावात पोरं तान्ही हैत, गवरा."

हे ऐकून आमच्यातले दोघे-तिघे मागं सरकले. धोंडू तर म्हणालाच, "आक्का, बरोबर बोलतोय त्यो."

मी धोंडूकडं बघितलंसुद्धा नाही. मी आमच्या काठाकडं तोंड केलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "बघत काय बसलाय, बांगड्या भरल्या काय? डोह लुटायला आलेत! तुमची पोरं काय त्यांच्या खड्ड्यातलं चाटणार हैत?"

पहिला दगड आमच्याकडनं गेला. कुणी मारला ते मला माहीत आहे, पण तो आता नाही आणि त्याच्या नातवंडांनी हे ऐकू नये. दगड पहार धरलेल्या एकाच्या कानशिलावर बसला. तो मटकन खाली बसला आणि त्याच्या बोटांतनं रक्त यायला लागलं. मग पलीकडनं दगडांचा पाऊस आला. घागरीवाल्या बायकांनी घागरी टाकल्या आणि त्यांनीही दगड उचलले. त्यातल्या दोघी माझ्याबरोबर शाळेत होत्या.

बंधाऱ्याची वरची वाट तीन हात रुंद. तिच्यावर साठ माणसं इकडनं आणि तितकीच तिकडनं घुसली. मारायला हात उचलायलासुद्धा जागा नव्हती. लोक एकमेकांना चावत होते. मी एकाच्या मांडीवर खोऱ्याचं पातं बसलेलं बघितलं, आतलं पांढरं दिसलं. आमच्या तातोबाचे समोरचे दात त्याच्या सदऱ्यावर पडले होते आणि तो ते वेचत होता. एका म्हाताऱ्याला दोघांनी उचलून खालच्या अंगाला कोरड्या खडकावर टाकला. त्याचा आवाज मला अजून येतो, ओल्या पोत्यासारखा.

माझ्याही खोऱ्याला रक्त होतं. कुणाचं ते बघायला मी थांबले नाही.

तेवढ्यात रायगोंडाचा मुलगा चनबसू, हातात त्यांची आकडी घेऊन, मल्लूवर आला. मल्लूनं आमच्या आकडीनं त्याचा वार अडवला आणि छातीत लाथ घातली. चनबसू मागं गेला, पायाखाली वाट संपली, आणि तो उघड्या गाळ्यात पडला. पाण्यानं त्याला उरलेल्या बरग्यांवर दाबून धरला. एक हात तेवढा वर दिसत होता.

रायगोंडानं पटका काढून फेकला आणि तो गाळ्यात उतरला. खांबाला पाय टेकवायला दगडाची अरुंद कड आहे. तिथं उभा राहून त्यानं उजव्या हातानं बरग्याची खाच धरली. धरायला दुसरं काही नव्हतंच. डाव्या हातानं पोराला दंडाला धरून वर काढला. वरच्यांनी चनबसूला ओढून घेतला. त्यांची सगळी माणसं त्याच्याभोवती जमली. आमची उरलेली माणसं पुढं सरकली. क्षणभर त्या गाळ्यावरची वाट मोकळी झाली.

काढलेले बरगे वाटेवर एकावर एक रचलेले होते. मी मल्लूला म्हणाले, "टाक बरगा. आत्ताच."

मल्लूनं एक टोक उचललं, तातोबानं तोंडातलं रक्त थुंकून दुसरं. बरगा खाचांच्या वर आला.

"आई," मल्लू म्हणाला, "मामा खाली हाय."

"सोड."

"आई, मामाचा हात..."

"सोड म्हणते न्हवं! डोह रिकामा झाल्यावर सोडणार हैस?"

त्यानं सोडला.

आवाज फार झाला नाही. पाणी फळीला अडताना जो आवाज होतो तोच मोठा होता. मग रायगोंडा ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आमचा बाप त्याला वेताच्या काठीनं मारायचा तेव्हाही तो गप्प असायचा.

सगळे थांबले. मारणाऱ्याचा हात वर तसाच राहिला. खाली गाळ्यात माझा भाऊ कडेवर लटकत होता, आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत खाचेत, बरग्याच्या टोकाखाली. मागनं सगळा डोह त्या फळीला रेटत होता. मल्लूनं वाकून बोटांनी बरगा उपसायला बघितलं, तो तसूभर हलला नाही. त्याच्या नखांतनं रक्त आलं.

"आकड्या!" धोंडू ओरडला. "दोन्ही टोकांना आकड्या लावा, न्हाईतर निघत न्हाई त्यो!"

आमची आकडी मल्लूजवळ होती. त्यांची चनबसूजवळ. चनबसू खोकत, पाणी ओकत उठला. दोघं समोरासमोर बसले, एक या खांबावर, एक त्या. आत्तापर्यंत ज्या लोखंडानं एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते ते त्यांनी बरग्याच्या कड्यांत अडकवलं. मागं त्यांच्या कमरेला धरून दोन्ही गावांची माणसं उभी राहिली, कोण कुणाला धरतोय ते कुणी बघितलं नाही.

"एकदम ओढा," धोंडू म्हणाला. "एक टोक आधी उचललं तर हाताचा चुरा हुईल. माझ्या तोंडाकडं बघा. हां... हां... ओढ!"

बरगा वर आला. पाणी पुन्हा जोरात सुटलं. रायगोंडाला त्यांनी वर घेतला आणि वाटेवर निजवला. मी त्याच्या डोक्याशी बसले. हाताकडं मी बघितलं आणि मग बघितलं नाही. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि हळू आवाजात कन्नडमध्ये तीन शब्द बोलला.  त्याला बैलगाडीत घालून नेलं.

दुपारी दोन्ही राज्यांचे पोलीस आले. गुन्हा कुणाच्या हद्दीत झाला यावर बंधाऱ्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी दीड तास वाद घातला. टेपसुद्धा आणला होता. मग दोन्हीकडचे साहेब आले. आमच्याकडच्या साहेबानं नकाशा उघडला, बघितला आणि कपाळाला हात लावला.

"कुठल्या काठाकडनं मोजायचं ते लिहायचंच राहिलं," तो म्हणाला. "आमच्या खात्यात डावीकडनंच मोजतात, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही." खाली वाहत्या पाण्याकडं तोंड केलं तर डावा काठ हुलगट्टीचा. म्हणजे कागदाप्रमाणे तिकडचे बरोबर, आणि खडकाप्रमाणे आम्ही बरोबर. दोन्ही गावं आपापल्या काठावरनं मोजत आली होती. एकमेकांत एवढ्या सोयरिकी झाल्या, पण गाळे कुठनं मोजता, हे कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

आता प्रत्येक खांबावर रंगानं आकडे घातलेत. दोन्ही गावांची मिळून समिती आहे. मध्ये एकदा लांबच्या देशांतले पाहुणे बघायला आले होते. त्यांच्याकडे एका नदीवर तीन-तीन देश बसलेत आणि पाण्यावरनं भांडतात. त्यांनी खांबांवरच्या रंगवलेल्या आकड्यांचे फोटो काढले. एका बाईनं विचारलं, हे इतकं सोपं आधी कुणाला कसं सुचलं नाही? दुभाष्यानं मला सांगितलं. मी म्हणाले, चहा घ्या.

मारामारीच्या दिवशी संध्याकाळी धोंडू तालुक्याहून निरोप घेऊन आला. "हात मनगटापासनं काढला, आक्का. उजवा. पोलिसाला जबाब दिला मामानं. पाय घसरला, हात खाचेत गेला म्हणाला. कुणाचं नाव घेतलं न्हाई."

आमची माणसं खोल गाळा बंद करायला निघाली. मी खोरं घेऊन गाळ्यावर जाऊन उभी राहिले.

"कुणी बरग्याला हात लावायचा न्हाई."

"आक्का, डोकं फिरलं काय? अजून दोन दिवसांत डोह संपंल!"

"तीन दिवस ठरलेत. तीन दिवस चालू राहणार."

"सकाळी बांगड्या भरल्या काय म्हणत होतीस ती तूच न्हवं?"

"मीच. आता पण मीच म्हणतेय. ज्याला यायचंय त्यानं पुढं यावं."

पुढं कुणी आलं नाही. मागनं मात्र दुसऱ्या दिवशी दगड आले, आमच्याच काठावरनं. हुलगट्टीची रांड, असं कुणीतरी ओरडलं. एक दगड भुवईवर बसला, ती खूण अजून आहे. डोह तासातासानं खाली जात होता. तिसऱ्या दिवशी गाळ उघडा पडला आणि पंपांचे पाईप हवेत लोंबायला लागले. माझा साडेचार एकर ऊस त्या साली जळून गेला. गावानं मृगापर्यंत टँकरचं पाणी प्यायलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मल्लू भाकरी घेऊन आला. माझ्याशेजारी वाटेवर बसला. तीन दिवसांत तो जेवला नव्हता, डोळे आत गेले होते.

"आई, मामा काय म्हणाला तुला? वर काढला तेव्हा?"

"काय न्हाई. शुद्धीत नव्हता त्यो."

"मी मामाच्या घरात वाढलोय. मला कन्नड येतं."

मी भाकरी बाजूला ठेवली. माझा भाऊ म्हणाला होता, निनगं गोत्तित्तु, गवरा. तुला ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणाले. "ठाऊक होतं. मंडपात नकाशावर मामानं बोट ठेवलं तेव्हाच. त्याच्या काठाकडनं मोजलं त्यानं. ल्हानपणी मी पण तिकडनंच मोजायची. आमच्या गावात न्हाई कुणाच्या ध्यानात आलं, माझ्या आलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर बरोबरचा गाळा उघडला असता. कमरेइतकं पाणी गेलं असतं. मला तेवढंसुद्धा द्यायचं नव्हतं. म्हटलं, ते चुकीचा गाळा धरतील, आपण आडवं जाऊ, करार मोडंल, दोष त्यांचा हुईल. आन् डोह राहील."

मल्लू पाण्याकडं बघत होता.

"आन् मला सोड म्हणालीस."

"म्हणाले."

"हात दिसत होता तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, पोलिसांशी, साहेबांशी, सासूशी. पोराच्या तोंडावर जमलं नाही.

"दिसत होता," मी म्हणाले.

  तो उठला, भाकरीचं फडकं घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं आणि बंधाऱ्यावरनं चालत निघाला. आमच्या काठाकडं नाही, पलीकडं. मला वाटलं मामाला बघून येईल. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होते?

चौथ्या दिवशी धोंडूनं येऊन सांगितलं, मल्लू हुलगट्टीला मामाच्या रानात औत धरतोय. मामाच्या उजव्या हाताचं काम इथनं पुढं मी करणार म्हणाला, परत बोलवायला कुणी येऊ नका म्हणाला.

त्याला जाऊन आता एकतीस वर्षं झाली. डोह त्याच साली, मृगाच्या पहिल्या सहा दिवसांत, काठोकाठ भरला होता.